नोकरी सांभाळून एजंटगिरी: रविवारची कामं आणि मंगळवारची कामं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खासगी कंपनीत नोकरी आहे, शनिवार-रविवार सुट्टी असते, डोंबिवलीत स्वतःचं घर आहे. गेल्या वर्षभरात तुमच्याच सोसायटीतले दोन फ्लॅट तुमच्या ओळखीने भाड्याने गेले आणि दोन्ही वेळा ब्रोकरेज तिसऱ्यानेच घेतलं. तेव्हा नोकरी न सोडता हे काम करता येईल का, महारेराचा (राज्याच्या बांधकाम-व्यवहार नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी नंबर लागतोच का, आणि महिन्याला हातात किती पडतील?

करता येईल. मी सात वर्षं तसंच केलं. ठाण्याला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो. सकाळची लोकल, संध्याकाळी साडेसातला घरी, आणि शनिवार-रविवार खिशात तीन-चार चाव्या. आता पूर्णवेळ करतो. पण नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण जिथे अडकतो ती जागा आधी दाखवतो. त्याचा हिशोब असा असतो की पार्टी रविवारी मोकळी, मीही रविवारी मोकळा, म्हणजे जमलंच. अहो, फ्लॅट दाखवणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. सौदा रविवारी ठरतो हे खरं, पण तो पूर्ण होतो मंगळवारी. बँक, सब-रजिस्ट्रार, वकील, बिल्डरचं ऑफिस, सगळे मंगळवारी सकाळी अकराला कामाला लागलेले असतात आणि तेव्हा तुम्ही तुमच्या डेस्कवर असता. आठवड्याला किती तास देऊ शकता हे मला कुणी सांगायला लागलं की मी विचारतो, मंगळवारचं कोण बघणार?

याच कारणासाठी मी सांगेन, सुरुवात भाड्यापासून करा. भाड्याचा जवळजवळ सगळा व्यवहार रविवारी बसतो. फ्लॅट दाखवला, ओनरची आणि भाडेकरूची भेट घातली, डिपॉझिट ठरलं की लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार ऑनलाइन रजिस्टर होतो. करार करून देणारा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचा आणि साक्षीदारांचा अंगठा घेतो, फोटो काढतो. रविवारी सकाळी चहा घेता घेता हे काम होतं. रजिस्ट्रेशन ऑफिसच्या जिन्यावर उभं राहावं लागत नाही. खर्चही पार्टीला नीट समजावून सांगता येतो. १८,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट असलेला अकरा महिन्यांचा करार धरा. एकूण भाडं १,९८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,००० रुपये. वर करार करून देणाऱ्याची मजुरी. हे आकडे तोंडपाठ असले की पार्टीचा निम्मा विश्वास तिथेच बसतो.

काही ओनर म्हणतील, "नोटरी करू, कशाला रजिस्टर?" तिथे ठाम राहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे शेवटचं वाक्य ओनरला शांतपणे सांगा. माझ्या अनुभवात यानंतर नोटरीचा विषय पुन्हा निघत नाही.

भाड्याच्या कामात शिकायला खूप मिळतं, कारण इथे चूक झाली तर निभावते. माझ्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. एक वन बीएचके दाखवायला घेऊन गेलो. ओनर स्वतः हजर. बेडरूमच्या भिंतीवर दरवाजाच्या मागे एक मोठं कॅलेंडर, तेही चार महिने जुनं. बाकी घरात एक खिळा नाही आणि कॅलेंडर मात्र कोपऱ्यात! मी सहज हात लावून ते वर केलं. खाली हातभर ओल, पोपडे धरलेले. ओनरचा चेहरा उतरला, मला वाटलं सौदा गेला. पण भाडेकरू बाई म्हणाल्या, "बरं झालं आत्ताच दिसलं, वॉटरप्रूफिंग करून द्या नाहीतर भाडं पाचशेनं कमी करा." पाचशेनं कमी झालं आणि करार झाला. पुढे त्याच बाईंनी माझ्याकडे तीन पार्ट्या पाठवल्या. ओनरने मात्र दुसऱ्या वर्षी चावी दुसऱ्या ब्रोकरला दिली. म्हणजे फायदा-तोटा दोन्ही झालं. पण हे काम नोकरीवाल्याला मिळतं तेच मुळी ओळखीतून, आणि ओळखीतलं काम ओल लपवून चालत नाही. त्याच बिल्डिंगमध्ये तुम्हाला रोज लिफ्टने जायचं असतं.

आता रीसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून दुसऱ्याला होणारी फ्लॅटची विक्री. यातही पैसा आहे, भाड्याच्या तिप्पट-चौपट मिळतो. पण यात मंगळवार खच्चून भरलेला आहे. माझा एक सौदा कसा गेला ते सविस्तर सांगतो, कारण यात धंद्याची अर्धी शिकवण आहे.

डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. विकणारे गृहस्थ निवृत्त. मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "लोन आहे का?" म्हणाले, "कधीच फेडलं." मी खूश. घेणारी पार्टी पक्की, टोकन (विसाराची रक्कम) झालं, त्यांच्या बँकेने कर्ज मंजूर करताना विकणाऱ्याकडची मूळ कागदपत्रं मागितली. विकणाऱ्यांनी फाइल काढली तर सगळ्या झेरॉक्स. लोन फेडलं होतं, पण मूळ करार आणि शेअर सर्टिफिकेट बँकेतून आणलेच नव्हते. "राहून गेलं." शाखेत विचारलं तर कागद दुसऱ्या शहरातल्या साठवणुकीच्या जागी आहेत, मागवावे लागतील. त्यात मार्च महिना, माझं ऑडिट चालू. मी शाखेत जाऊन बसू शकत नव्हतो. विकणाऱ्या काकांनाच पाठवलं, ते आधी भलत्याच शाखेत गेले, मग बरोबर शाखेत पण अर्ज वेगळाच. मी मीटिंगमध्ये, खिशात फोन थरथरतोय, सहा मिस्ड कॉल. बारा दिवस गेले. घेणाऱ्या पार्टीच्या मनात पाल चुकचुकली, की कागदातच काहीतरी गडबड आहे. त्यांनी शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतला, दुसऱ्या एजंटकडून, आणि टोकन परत मागितलं. कागद आले, तोवर पार्टी गेली होती.

गडबड काहीच नव्हती. एका माणसाने तीन दिवस शाखेत जाऊन उभं राहायचं होतं, इतकंच. आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू: कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. चांगलंच आहे. पण जुनी फिटलेली कर्जं आणि विसरलेल्या फाइली अजून भरपूर आहेत. तेव्हापासून मी "लोन आहे का" असं विचारतच नाही. विचारतो, "मूळ कागद आत्ता घरात आहेत का? बघू द्या." आणि कपाट उघडेपर्यंत खुर्चीतून उठत नाही. बघायचं काय? आधीचे सगळे करार साखळीने, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेटवर आत्ताच्या मालकाचं नाव चढलंय का, बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, सोसायटीची थकबाकी, आणि मालक दोन असतील तर दुसरा सही करायला कुठे आहे. भाऊ परदेशात असला तर तो व्यवहार सुरुवातीला घेऊच नका. तिथे टीडीएसचे नियमही वेगळे लागतात आणि मुखत्यारपत्राची भानगड वेगळीच.

मग नोकरीवाल्याने रीसेल करूच नये का? करावा, पण जोडीने. मी तिसऱ्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या एका पूर्णवेळ एजंटशी ठरवून घेतलं: पार्टी माझी, मंगळवार त्याचा. ब्रोकरेज निम्मं-निम्मं. मित्र हसले, अर्धे पैसे का सोडतोस म्हणून. पण आदल्या वर्षी पूर्ण पैशाचे सौदे मी तीन गमावले होते. निम्म्याचे चार पूर्ण झाले. जोडीदार एजंटच हवा असंही नाही. बिल्डिंगमधले एखादे निवृत्त गृहस्थ, ज्यांना सरकारी ऑफिसात शांतपणे बसता येतं आणि बसायला आवडतंही, ते यात सोनं असतात. फक्त ठरलेलं आधी व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा, अगदी दोन ओळी: अमुक पार्टी, अमुक फ्लॅट, वाटणी अशी. तोंडी वाटणीवर सौदा होईपर्यंत सगळे एकमेकांचे भाऊ असतात.

महारेराचा नंबर. इथे दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक म्हणजे "भाड्यालाही लागतो", दुसरा "पार्ट-टाइमला लागत नाही". दोन्ही चूक. रेरा कायदा २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ पासून. त्याचं कलम ९ म्हणतं की नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डर विकत असलेला फ्लॅट, प्लॉट किंवा इमारत यांच्या खरेदी-विक्रीत मदत करायची असेल तर एजंटची नोंदणी हवी. म्हणजे जुन्या बिल्डिंगमधला भाड्याचा फ्लॅट यात येत नाही, भाड्यापासून तुम्ही उद्या सुरुवात करू शकता. पण नव्या प्रकल्पाचं एक बुकिंग जरी करून दिलंत तरी नोंदणी लागते, मग तुम्ही आठवड्याला दोन तास काम करा नाहीतर साठ. कायद्यात पार्ट-टाइम असा वर्गच नाही. "मी फक्त नंबर दिला, बाकी मला माहीत नाही" हेही चालत नाही, कारण एजंटच्या व्याख्येतच कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्या-विकणाऱ्याची ओळख करून देणारा आणि त्याचे पैसे घेणारा येतो. नोंदणीशिवाय केलंत तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड, तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ६० लाखांच्या फ्लॅटचे ५ टक्के किती, ते तुम्हीच काढा.

नोंदणी व्यक्तीच्या नावाने करायची तर फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. पण २०२३ पासून नुसती फी भरून भागत नाही. आधी वीस तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होणारी ऑनलाइन परीक्षा, त्यातून सक्षमता प्रमाणपत्र, आणि मगच नोंदणी किंवा नूतनीकरण. जुन्या मंडळींनी हे फार हलक्यात घेतलं. २०२४ मध्ये प्रमाणपत्र नसल्यामुळे सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली. त्यात माझ्या ओळखीचे दोघे होते, दोघांनाही वीस वर्षांचा अनुभव. परीक्षा अवघड नाही, तुमच्यासारख्या ऑफिसात काम करणाऱ्याला तर नाहीच. माझं मत: पहिले सहा महिने भाड्याचं काम करा, आवडतंय असं वाटलं तर प्रशिक्षणाला नाव घाला. पितृपक्षात घालता आलं तर फार उत्तम. त्या पंधरवड्यात तसंही कुणी टोकन देत नाही.

नोंदणी झाली की काही गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाचं काम घ्यायचं नाही. अपवाद लहान प्रकल्पांचा: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणी लागत नाही. प्रत्येक विक्रीत तुमचा नोंदणी क्रमांक लिहायचा. हिशोबाची वही ठेवायची. जाहिरात व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकलीत तरी ती जाहिरातच. त्यात प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड हवा, क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. बिल्डरच्या माणसाने पाठवलेलं रंगीत चित्र पुढे ढकलण्याआधी ते कोड स्कॅन करा आणि ताबा कधीचा लिहिलाय ते पोर्टलवरच्या तारखेशी ताडून बघा. चित्रात "लवकरच ताबा" आणि पोर्टलवर तीन वर्षांनंतरची तारीख, असं मी अनेकदा पाहिलंय. पार्टी बिल्डरला धरणार नाही, तुम्हाला धरणार. तुम्ही तिच्या ओळखीचे आहात.

नव्या प्रकल्पाच्या कामाबद्दल इतकंच सांगतो की बाहेरून ते नोकरीवाल्याला सोयीचं दिसतं. साइट ऑफिस रविवारी उघडं, कागद बिल्डर बघतो, ब्रोकरेज बिल्डर देतो, पार्टीकडून मागावं लागत नाही. फक्त ते पैसे यायला वेळ लागतो. करार रजिस्टर झाला, ठरावीक टक्के रक्कम जमा झाली, बिल लावलं, मग कधीतरी. माझं एक बिल अकरा महिने अडकलं होतं. प्रकल्पाच्या ऑफिसातला माणूस तीनदा बदलला आणि प्रत्येक नवीन माणूस मला विचारायचा, "ही पार्टी तुमची होती याला पुरावा काय?" तेव्हापासून पार्टीला पहिल्यांदा नेण्याआधी ईमेलने नाव नोंदवतो. व्हॉट्सॲपवर नाही, ईमेलने.

तुमच्या नोकरीचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. नेमणूकपत्र काढा आणि दुसऱ्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक खासगी कंपन्यांच्या पत्रात परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये असं कलम असतं. काहींना लेखी कळवलं की चालतं, काहींना मुळीच चालत नाही. सरकारी नोकरीत असाल तर विषय वेगळा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे परवानगीशिवाय व्यापार-धंदा करता येत नाही. मग लोक एक शक्कल काढतात, रजिस्ट्रेशन बायकोच्या नावावर. ती खरोखर काम करत असेल, परीक्षा तिने दिली असेल, पार्ट्या तीच सांभाळत असेल तर उत्तम, आमच्या भागातल्या उत्तम एजंटांपैकी दोन अशाच सुरू झालेल्या बायका आहेत. पण नाव तिचं आणि फोन तुमचा असं असेल तर एक तक्रार पुरते.

कर. नोकरदार माणूस यात हमखास चुकतो. पगार आहे म्हणून वर्षानुवर्षं आयटीआर-१ भरलेला असतो. ब्रोकरेज हे धंद्याचं उत्पन्न, त्याचा फॉर्म आयटीआर-३. कुणीतरी सांगतं, छोट्या धंद्याची अंदाजित उत्पन्नाची योजना घे, ठरावीक टक्के नफा दाखव, वह्या नकोत. ती योजना कमिशन आणि ब्रोकरेजच्या उत्पन्नाला लागूच नाही. हे मी अकाउंट्समध्ये असूनही मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, सीएने झापलं. तेव्हा पेट्रोल, फोन, पोर्टलची वर्गणी, महारेराची फी, सगळ्याच्या पावत्या ठेवा, खरा खर्च वजा होतो. बिल्डर ब्रोकरेज देताना २ टक्के टीडीएस कापतो आणि ते प्राप्तिकर खात्याकडे तुमच्या नावावर दिसतं, त्यामुळे ते उत्पन्न दाखवायचं विसरलो अशी सोय नाही. जीएसटीची काळजी आत्ता करू नका. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली तर नोंदणी, आणि त्यात पगार मोजत नाहीत.

टोकनचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. हा एक नियम मी कधीच मोडला नाही. पार्टीने दिलेला चेक सरळ विकणाऱ्याच्या नावाचा, आणि त्यावर दोन ओळींची पावती: सौदा कुणाच्या बाजूने फिसकटला तर काय. रोख २०,००० किंवा जास्त घर-जमिनीच्या व्यवहारात घेता येत नाही, ते प्राप्तिकराच्या कायद्यात बसत नाही, आणि बिल्डर नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. तुमच्यासमोर कुणी यापेक्षा वेगळं बोलायला लागलं तर उठून या. सोमवारी तुम्हाला नोकरीवर जायचंय, पोलीस ठाण्यात नाही.

बायपासची भीती सगळ्यांना असते. पार्टी लिफ्टमध्ये ओनरला भेटते, नंबर घेते आणि दुसऱ्या दिवशी "आम्ही डायरेक्ट केलं" असा मेसेज. पूर्णवेळवाला त्याच दिवशी दारात उभा राहतो, तुम्ही राहू शकत नाही. माझा उपाय साधा होता. फ्लॅट दाखवायच्या आदल्या रात्री दोघांना एकच मेसेज: उद्या अमुक वाजता अमुक फ्लॅट, ब्रोकरेज दोन्ही बाजूंकडून एवढं, करार झाल्याच्या दिवशी. "हो" आलं तरच चावी उचलायची. ब्रोकरेजचा दर कायद्याने ठरवलेला नाही. आमच्याकडे रूढ आहे ते भाड्याला एका महिन्याचं भाडं आणि रीसेलला साधारण १ टक्का. कमी घ्या, जास्त घ्या, पण आधी सांगा. फ्लॅट आवडल्यावर सांगितलेला आकडा पार्टीला नेहमी जास्तच वाटतो.

आणि पट्टा लहान ठेवा. घरापासून दहा मिनिटं चालत जाता येईल तेवढाच. नवशिका कल्याणपासून ठाण्यापर्यंत सगळं दाखवायला निघतो आणि रविवार गाडीत घालवतो. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या पंधरा बिल्डिंगा घ्या. पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, बॅचलर चालतात का, कुठल्या विंगची लिफ्ट बंद पडते, पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी, सेक्रेटरी संध्याकाळी भेटतात की सकाळी. हे पोर्टलवर कुठेच नसतं आणि स्टेशनजवळ दुकान थाटलेल्यालाही माहीत नसतं. तुमच्याकडे विकण्यासारखं आत्ता एवढंच आहे, आणि ते कमी नाही.

राहता राहिलं, महिन्याला किती. महिन्याला असं काही मिळत नाही. माझ्या पहिल्या वर्षात चार भाड्याचे आणि एक रीसेल झाला. भाड्यातल्या दोनमध्ये समोरच्या बाजूला दुसरा एजंट होता, तिथे एकाच बाजूचे पैसे. मधले चार महिने सलग शून्य. मे-जूनमध्ये शाळा बदलायच्या वेळी एकदम गर्दी, पाडवा-दसऱ्याला बुकिंगची धावपळ, आणि मग पावसात छत्री घेऊन रिकामे फ्लॅट दाखवत फिरणं. या पैशावर हप्ता बांधू नका. मी दुसऱ्या वर्षी स्कूटरचा बांधला होता, तो पगारातूनच गेला.

सुरुवात कुठून, तर तुमच्या हातून गेलेल्या त्या दोन फ्लॅटपासूनच. करार अकरा महिन्यांचे असतील तर संपायच्या तारखा सेक्रेटरींकडे दिलेल्या प्रतीवर आहेत. नवव्या महिन्यात दोन्ही ओनरना फोन करा, भाडेकरू राहणार आहे की जाणार एवढंच विचारा. राहणार असेल तर नवा करार रविवारी घरी करून द्या आणि त्याचं ब्रोकरेज मागू नका, फक्त कराराचा खर्च घ्या. काही एजंट नूतनीकरणाचंही अर्धं भाडं घेतात, मला ते कधी पटलं नाही. जाणार असेल तर चावी तुमच्याकडे द्यायला सांगा. शेजारीच राहता, ओनर बहुधा नाही म्हणणार नाही.